मीटरकाकूंचा गालिचा

मीटरकाकूंनी आयुष्यात एकही मीटर वाचला नाही. मीटर वाचायचा तो त्यांचा नवरा, पाणीखात्यात, एकोणतीस वर्षं, खांद्याला पिशवी आणि हातात टॉर्च. पण सगळी गल्ली त्याला मीटरकाका म्हणायची, म्हणून बायको आपोआप मीटरकाकू झाली, आणि तिचं स्वतःचं नाव काय हे विचारायची गरज पुढे कुणाला पडली नाही. काकूंनी त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटून घ्यायला घरात दुसऱ्या गोष्टी होत्या. त्यातली सगळ्यात मोठी बाहेरच्या खोलीत पसरलेली होती. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, लाल जमीन, निळी किनार, मधोमध एक भलंमोठं फूल की सूर्य की काय ते देवाला ठाऊक. गालिचा. शंभर वर्षांचा, अस्सल. असं काका म्हणायचे.

तर हा गालिचा येत्या पंधरा दिवसांत आपल्या घरातून जातो की नाही, या एका गोष्टीपायी सध्या काकूंची झोप उडाली होती. जिना तिसऱ्या मजल्यापर्यंतचा, आणि काकांच्या छातीला आता तो सोसत नव्हता. एक तारखेला दोघांनी मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं. मुलाचं घर तळमजल्यावर. तिथे यांच्या वाट्याला एक खोली येणार होती, पलंग आणि कपाट ठेवलं की माणसाने आडवं होऊन चालावं अशी. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, गालिच्याचं मात्र काहीतरी बघा हं." सून काहीच म्हणाली नाही, आणि सून काहीच म्हणाली नाही म्हणजे काय ते काकूंना बरोबर कळलं.

काकांनी मात्र आपली अट घालून ठेवली होती. "विकला तर अशाच घरी विकायचा, जिथे शंभर वर्षांची वस्तू म्हणजे काय ते कळतं. नाहीतर तो माझ्याबरोबर येईल. पलंगाखाली घालू."

पलंगाखाली म्हणे. पलंगाखाली अंधार, अंधारात कसर, आणि कसर लागली की दर आठवड्याला पलंग सरकवून, गालिचा उलटा करून झाडायचा कुणी? काकूंनी. सहासष्टाव्या वर्षी. डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात त्यांच्या कमरेचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, "वाकणं बंद." काकू त्यांच्याकडे बघून नुसत्या हसल्या होत्या. डॉक्टरांना वाटलं, म्हातारीला बरं वाटलं.

काकांना हे वेड लागलं ते नोकरीतून. पाण्याचे मीटर असतात कुठे, तर जिन्याखाली, मोरीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तिथवर जायचं म्हणजे लोकांच्या घरातून आरपार जायचं. माणसं मीटरवाल्याकडे बघत नाहीत, त्यामुळे मीटरवालाही माणसांकडे बघत नाही, तो जमिनीकडे बघतो. अशा बघण्यातून काकांना गालिचे दिसायला लागले. कुणाकडे झिजलेले, कुणाकडे दशा कुरतडलेले, कुणाकडे असे की वरून चालायची लाज वाटावी. मग ते वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले. रात्री जेवताना काकूंना शिकवायचे. जुना गालिचा ओळखायचा कसा? उलटून मागच्या गाठी बघायच्या. लव दुमडून मुळाशी रंग कसा आहे ते बघायचं. पांढरा रुमाल ओला करून दाबायचा, रंग लागतो का बघायचं. दशा नंतर शिवल्यात की ताण्याचेच धागे पुढे आलेत, ते चाचपायचं. काकूंना सगळं पाठ झालं. भाजी गार होईपर्यंत ऐकावं लागलं, पाठ होईल नाहीतर काय.

आणि मग चौतीस वर्षांपूर्वी एका दुपारी काका हातगाडीवर गालिचा घालून घेऊन आले. त्या पैशांत खिडक्यांना जाळ्या बसायच्या होत्या. मुलगा पाच वर्षांचा होता आणि डासांनी त्याचे पाय फोडून काढले होते. जाळ्यांसाठी सुतार येऊन मापंसुद्धा घेऊन गेला होता.

"अहो, हे काय?" एवढंच काकू म्हणाल्या.

"शंभर वर्षांचा आहे," काका म्हणाले. घामाने निथळत होते आणि चेहरा असा की मुलगा झाला तेव्हासुद्धा तसा नव्हता. "त्यांच्या आजोबांनी आणलेला. घर मोकळं करताहेत. माझ्याशी कसे बोलले माहीत आहे? म्हणाले, बसा. खुर्ची दिली. चहा दिला, बशीत बिस्किटं. म्हणाले, ज्याला कळतं त्यालाच द्यायचा आहे."

काकूंनी विचारलं, "उलटून बघितलात?"

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू काकूंनी कुणाला तरी थोबाडीत मारली. "एवढ्या सभ्य माणसाचा चहा पिऊन त्याच्या समोर त्याचा गालिचा उलटायचा? रुमाल घासायचा? अगं, काय बोलतेस?"

झालं. सगळ्या कसोट्या पाठ असलेला माणूस एकही कसोटी न लावता गालिचा घेऊन आला, का, तर त्याला कुणीतरी खुर्ची दिली म्हणून. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत काकांना मीटर वाचायला गेल्यावर खुर्ची मिळाली ती तेवढी एकदाच. हे काकूंना तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं तेव्हा त्या घराचा राग येईना, काकांचाही येईना, आणि मग राग कुणावर काढायचा हेच समजेना.

गालिच्याचं खरं मात्र त्यांना महिन्याभरातच समजलं. तिसऱ्या दिवशी झाडू फिरवला तर लोकरीची मूठभर लव निघाली. लाल आणि निळी. वाटलं, प्रवासातली असेल. चौथ्या दिवशी पुन्हा मूठभर. आठवड्याने पुन्हा. महिनाभर रोज. काकांनीच वाचून दाखवलं होतं, जुना गालिचा लव सोडत नाही. जी सुटायची ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुटून गेलेली असते. आता शंभर वर्षांचा म्हातारा रोज सकाळी मूठभर केस गाळतो म्हणजे काय? काकूंनी एका दुपारी कोपरा उलटून मुळाशी बघितलं. वर फिकट विटकरी लाल आणि खाली एकदम भडक, मध्ये रेघ मारल्यासारखी. कशात तरी बुडवून म्हातारा केलेला होता. अगदी नवाकोरा. त्यांनी कोपरा पुन्हा सरळ केला आणि वर जरा हात फिरवला.

त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी काका आपल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आले होते गालिचा दाखवायला. तिघे जण चपला बाहेर काढून, भिंतीला चिकटून, गालिच्याच्या कडेकडेने उभे होते आणि काका बोलत होते. त्या माणसाला एवढं बोलताना काकूंनी कधी ऐकलं नव्हतं. मग सांगायचं तरी कसं?

लव पुढे कमी झाली, पण चिमूटभर तरी रोज निघायचीच. टाकवेना, म्हणून त्या ती एका डब्यात भरून ठेवायच्या. दोन वर्षांनी डबा भरून उतू जायला लागला, तेव्हा त्यांनी त्याची एक छोटी उशी शिवली. काका आजही ती पाठीला घेऊन बसतात. कशाची आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि काकूंनीही सांगितलं नाही.

आता गालिचा जपायचा म्हणजे काय, ते ज्याने जपला त्यालाच माहीत. काका ठरवायचे आणि काकू करायच्या. रोज झाडू, तोही लवेच्या दिशेनेच. उलटा फिरवला तर काका आतल्या खोलीतूनसुद्धा ओळखायचे. दर तीन महिन्यांनी गालिचा फिरवायचा, खिडकीकडची बाजू दाराकडे, म्हणजे झिजला तर सगळीकडून सारखा झिजेल. त्यासाठी कपाट, टेबल, दोन खुर्च्या आधी आतल्या खोलीत. कपाटाच्या पायाखाली लाकडाच्या चकत्या आणि त्या दर महिन्याला चार बोटं सरकवायच्या. वर्षातून दोनदा गच्चीवर नेऊन सावलीत उपडा घालायचा आणि मागून हलक्या हाताने थोपटायचा, म्हणजे आतली रेती गळून पडते. दोरीवर टाकून बडवायचा नाही, धागे तुटतात. दुमडायचा नाही, गुंडाळायचा. गुंडाळतानाही डांबराच्या गोळ्या कागदात बांधून. आणि दुपारचं ऊन आत येऊ द्यायचं नाही.

ही शेवटची गोष्ट काकूंना सगळ्यात जड गेली. पश्चिमेची खिडकी. चौतीस वर्षं दुपारी एक ते सहा पडदा ओढलेला. बाहेर लख्ख ऊन आणि आत आपण जाड पडद्यामागे, पाहुण्यासारखं भिंतीच्या कडेने चालतोय. मुलाने त्या गालिच्यावर कधी खेळणं आणलं नाही, कुणी त्यावर जेवलं नाही. चहासुद्धा स्वयंपाकघरात उभ्यानेच.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका नव्या गालिच्यासाठी. हे त्या घरात फक्त काकूंना माहीत होतं. एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण पहिल्या वर्षी काका खूश होते म्हणून बोलल्या नाहीत. पुढे त्यांना रागच इतका आला होता की म्हटलं, बसा त्या शंभर वर्षांना कवटाळून, मला काय. मग दहा वर्षं होऊन गेली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आता बोललं तर काका एकटे मूर्ख ठरत नाहीत. नवा गालिचा आहे हे माहीत असून जी बाई दर तीन महिन्यांनी कपाट ओढते, ती कोण ठरते? या प्रश्नापाशी आल्या की काकू झाडू उचलायच्या. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

म्हणूनच या वेळी त्यांनी डोकं चालवलं. आपण बोलायचं नाही, दुसऱ्याकडून वदवून घ्यायचं. जुन्या वस्तूंच्या मोठ्या दुकानात गालिचे पारखणारी एक बाई असते, घरी येऊन बघते, असं त्यांना खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने सांगितलं. काकूंनी स्वतः फोन केला. काकांना म्हणाल्या, "कागद मिळेल पारखीचा. मग चांगल्या घरी देता येईल." काका खूश. आणि काकूंचा हिशेब सरळ होता. बाई खोटं बोलली तर गालिचा मोठ्या घरी जाईल. खरं बोलली तर काका लाजेने गालिच्याचं तोंडही बघणार नाहीत, भंगारवाल्याला देऊन टाकतील. काही झालं तरी आपली सुटका.

पारखीण आली दुपारी दोनला. चाळिशीची, केस कापलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. दारातच चपला काढल्या आणि कुणी न सांगता गालिच्याच्या कडेने चालत आली. काकांना ती तिथेच आवडली. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बंद पडद्यामागे दिवा लावून, पाठीला उशी घेऊन खुर्चीत बसले होते.

"शंभर वर्षांचा," काका म्हणाले. "निदान. जास्तच असेल."

"बघू या," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली.

तिने कोपरा उलटला. भिंग लावलं. लव दुमडली. पांढरा रुमाल ओला करून दाबला, बघितला, घडी घालून खिशात टाकला. दशा बोटांवरून सरकवल्या. मग सरळ मधोमध जाऊन बसली आणि डोळे मिटून दोन्ही तळवे लवेवरून फिरवायला लागली, बराच वेळ. काका खुर्चीत पुढे सरकले होते. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट आता होणार, आणि आपल्याला आनंद का होत नाही, ते त्यांना कळेना. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

"हात धुवायला पाणी मिळेल का?" पारखिणीने विचारलं.

काकू तिला मोरीत घेऊन गेल्या. नळ सोडून ती काकूंच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, गालिच्याचं सगळं तुम्हीच करता ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तळव्यांना कळतं. चारही बाजूंनी सारखा झिजलाय. असा मी पंधरा वर्षांत पाहिलेला नाही. मोठ्या मोठ्या घरांत नोकर असतात, तरी नाही." ती थांबली. "पण तो शंभर वर्षांचा नाही, काकू. पस्तीस-चाळीस. मुद्दाम जुना दिसावा म्हणून औषधात धुतलेला."

"चौतीस," काकू म्हणाल्या.

पारखीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून."

नळ वाहतच होता. काकूंनी तो बंद केला.

"आणि त्यांना?"

"त्यांना सांगायलाच तुम्हाला बोलावलंय."

पारखीण जरा घुटमळली. "त्यांची तब्येत… म्हणजे, मी गोलगोल बोलू शकते. खोटं लिहून देणार नाही, पण वयाचा विषय न काढता नुसतं चांगला आहे म्हणू शकते. तुम्ही सांगाल तसं."

म्हणजे फिरून ओझं पुन्हा काकूंच्याच डोक्यावर. बाई गं, काकूंच्या मनात आलं, तुला एवढी फी देऊन बोलावलं, तर तूही मलाच विचारतेस. त्यांना दारातून काका दिसत होते. मानेवर दाढीचा साबण सुकलेला, आणि नजर गालिच्यावर. या माणसाकडे आता नोकरी नाही, छातीत जोर नाही, घरही पंधरा दिवसांचंच. आपली नजर पारखी आहे एवढीच त्याची कमाई. काकूंना त्याची दया आली. पण कंबर दुखत होती. ती दुखत होती म्हणूनच त्या मोठ्या मनाच्या झाल्या नाहीत. उगाच कशाला खोटं सांगा.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा."

पारखिणीने सांगितलं. खाली बसून, काकांच्या खुर्चीच्या उंचीला येऊन, हळू आवाजात. मुळाशी रंग कसा रेघ मारल्यासारखा बदलतो, ते कोपरा उलटून दाखवलं. काकांनी चष्मा लावून वाकून बघितलं. मग स्वतःच्या बोटांनी लव दुमडली आणि पुन्हा बघितलं. जे त्या खुर्चीवाल्या घरात करायला हवं होतं, ते त्यांनी आत्ता केलं.

"हो," ते म्हणाले. "खरं आहे."

पारखीण काकूंच्या गालिचा सांभाळण्याबद्दल चार चांगले शब्द बोलली, चहा नको म्हणाली आणि चपला घालून गेली. तिची पावलं तीन मजले खाली उतरेपर्यंत ऐकू येत होती.

काकू वाट बघत होत्या. आता काका म्हणतील, न्या तो डोळ्यांसमोरून. भंगारवाल्याचा नंबरसुद्धा त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता.

काका म्हणाले, "म्हणजे आला तेव्हा नवा होता."

"हो."

"आणि हे जे त्याला रूप आलंय, हा मऊपणा, ते सगळं इथेच झालं. आपल्या घरात."

काका वाकून लवेवरून तळवा फिरवत होते.

"मग तर विकायचा प्रश्नच येत नाही," काका म्हणाले, आणि तो चेहरा काकूंनी लगेच ओळखला. चौतीस वर्षांपूर्वी हातगाडीबरोबर आलेला तोच चेहरा. "शंभर वर्षांचा होता तेव्हा वाटायचं, आपण कोण, आपल्याकडे शोभत नाही, मोठ्या घरी जायला हवा. आता काय, आपलाच आहे. आपल्याबरोबरच म्हातारा झालाय. पलंगाखाली घालू. होईल सगळं नीट."

होईल. कोण करणार होतं नीट, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना तो प्रश्न पडलाच नाही. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हातही उचलवेना. एवढा डाव मांडला, बाहेरची बाई बोलावली, नवऱ्याच्या तोंडावर खरं वदवलं, आणि शेवटी काय, तर गालिचा आधी माणसांना दाखवायचा होता, तो आता जिवाभावाचा झाला. आता तर तो सरणावरसुद्धा बरोबर येणार.

त्या गालिच्याच्या मधोमध गेल्या, त्या फुलावर की सूर्यावर, आणि तिथे खाली बसल्या. पाय पसरून. काका चपापले.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"नवा आहे ते. रोज मूठभर लव निघायची. तुमच्या पाठीला जी उशी आहे ना, ती त्याच लवेची आहे. दोन वर्षं निघत होती."

काकांनी पाठीमागून उशी काढली. दोन्ही हातांत धरली, दाबून बघितली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला त्या माणसाने खुर्ची दिली होती म्हणून."

काकांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "तरी इतकं जपलंस."

"जपलं नाही हो. अडकले होते. बोलले असते तर सुटले असते, पण मग माझी इतकी वर्षं गेली कशात ते मलाच सांगता आलं नसतं. आज मला तुमची दया आली होती, तरी मी तिला म्हटलं, सांगा सगळं. कारण मी दमले. मला झाडू बघितला की रडू येतं. मला दुपारी ऊन बघायचं आहे. मुलाकडे न्यायचा असेल तर न्या, मी नाही म्हणत नाही. पण त्याला आता हात लावणार नाही. वाकणार नाही. एकदाच सांगते."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. बोलून झाल्यावर त्या उठल्या, पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि चहा करायला गेल्या. चहा घेऊन आल्या त्या थेट गालिच्यावर. एक कप काकांच्या हातात दिला, आपला घेऊन मघाच्याच जागी बसल्या. काका कप धरून इकडेतिकडे बघत होते, परक्याच्या घरी आल्यासारखे.

"खाली या," काकू म्हणाल्या. "आपलाच आहे ना?"

काका खुर्चीचा हात धरून, गुडघे कुरकुरवत खाली बसले. चौतीस वर्षांत त्या गालिच्यावर ते पहिल्यांदाच बसत होते. एका हातात कप होता, दुसरा हात टेकायला गेले आणि तोल गेला. अर्धा कप चहा लाल जमिनीवरून निळ्या किनारीकडे पसरला.

काकूंचं अंग आपोआप पुढे झालं. पांढरं सुती कापड, दाबून टिपायचं, रगडायचं नाही, कडेकडून मध्ये यायचं, मग थंड पाणी, मग कोरडं कापड. सगळं हातात आलं होतं. काका त्यांच्याकडे बघत होते. घाबरून नव्हे, नुसते वाट बघत होते, रोज सकाळी झाडूच्या आवाजाची वाट बघत पडावं तसे. आता ही उठेल.

काकू मागे टेकल्या.

चहा मुरत होता. काकांनी एकदा डागाकडे बघितलं, एकदा बायकोकडे, पुन्हा डागाकडे. मग त्यांना कळलं. खरंच कळलं, कारण त्यांचा चेहरा उतरला तो पारखिणीने सांगितलं तेव्हाही उतरला नव्हता. ते एक हात जमिनीला, एक हात खुर्चीला लावून उठले आणि आत गेले. फडताळ उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं उघडल्याचा. या घरात फडकी कुठे असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी ते अंगपुसणं घेऊन आले, हिरवं, नवं, पहिल्याच पाण्यात रंग सोडणारं. गुडघ्यांवर बसले आणि जोरजोरात रगडायला लागले, लवेच्या उलट्या दिशेने.

काकूंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"जातोय का गं डाग?" धापा टाकत काकांनी विचारलं.

"मला इथून दिसत नाही," काकू म्हणाल्या, आणि उन्हात पाय पसरून त्यांनी उरलेला चहा संपवला.